तिच्या बाबांचे नऊ नंबरचे बूट

बाबा, इथे अमेरिकेत, रेडमंडमध्ये आज रविवार आहे आणि सकाळपासून पाऊस लागलाय. ख्रिसमसच्या सुट्ट्या संपल्या, उद्यापासून ऑफिस. शेजारच्यांनी सजवलेलं झाड उतरवून बाहेर फुटपाथवर आणून ठेवलंय. मी दुपारचं जेवून टेबलाशी बसले आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नाही. सांगण्यासारखं जे होतं ते चांगलंच होतं, आणि ते तुम्हाला न सांगताही कळत असेल असं मी धरून चालले होते. या हिवाळ्यात मात्र मी एक वाईट वागले. ते दुसरं कोणी तुम्हाला सांगणार नाही.

माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे, एकोणतीस वर्षांची, अमरावतीची. ती दोन वर्षांपूर्वी टीममध्ये आली तेव्हा कॉफीच्या मशीनपाशी तिने विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?" मी वरूड म्हटल्यावर म्हणाली, "मग तर आपण घरच्याच." तेव्हापासून ती मला ताई म्हणते. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. घरी वडील एकटे, शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालेले. ती सकाळी ऑफिसात येता येताच त्यांचा फोन येतो, तिकडे त्यांचं रात्रीचं जेवण आटपलेलं असतं. ती कोट काढत, बॅग ठेवत, एका कानाला फोन लावून बोलत असते. "हो बाबा, खाल्लं. नाही बाबा, पाऊस रोजचाच आहे." मी शेजारच्या टेबलावर बसून मेल वाचत असते आणि एक अक्षर डोक्यात शिरत नाही. पहिल्यांदा मला वाटलं की मला तिचा आवाज सहन होत नाही. मग लक्षात आलं, मला तिचा फोन वाजलेला सहन होत नाही.

नोव्हेंबरात ती जेवायच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसली आणि फोनवरची यादी दाखवायला लागली. तीन वर्षांनी घरी निघाली होती. गुडघ्याचा पट्टा, बदाम, शेजारच्या काकूंना परफ्युम, आणि बाबांना चालायचे बूट, नऊ नंबर. "रुंद पायाचे घेऊ का ताई? त्यांचा पंजा पसरट आहे." तुमचा नंबर आठ. मला तो अजून पाठ आहे. दुकानात पुरुषांच्या बुटांसमोरून जाताना माझी नजर अजून आठवर जाते, आणि मग मी पुढे जाते.

मग तिने जे विचारायचं ते विचारलं. तिचा व्हिसा इथल्या इथे वाढवून मिळाला होता, पण पासपोर्टवर नवा शिक्का नव्हता. देशाबाहेर पडलं की मुंबईला जाऊन तो शिक्का घ्यावा लागतो आणि तो मिळेपर्यंत परत येता येत नाही. तिला डिसेंबरच्या मध्याची तारीखही मिळाली होती. "ताई, तुम्ही हे सगळं केलंय. जाऊ ना मी?" तिला फक्त 'जा' ऐकायचं होतं, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "माझं ऐकशील तर जाऊ नकोस. स्टॅम्पिंग अडकलं तर काय करशील? नोकरी जाईल. मीसुद्धा एका वर्षी याच कारणाने कॅन्सल केलं होतं." एवढ्यावर मी थांबले नाही. पुढच्या आठवड्यात मी तिला लोकांचे अडकल्याचे अनुभव शोधून शोधून पाठवले. त्यातला एकही खोटा नव्हता. ज्यांचं चार दिवसांत झालं, त्यांचे अनुभव तेवढे मी पाठवले नाहीत.

हे लिहिताना मला तुम्ही मुकादम होतात ती संत्र्याची शेड आठवते आहे. मी दहा वर्षांची, शाळा सुटल्यावर तुमच्याकडे आलेली. संत्र्यांचे ढीग, सगळीकडे पेंढा, आणि बायका फळं निवडून पेट्या भरतायत. त्यांच्यातल्या एकीची मुलगी माझ्याच वयाची होती, भराभर निवडायची. तुम्ही तिच्यामागे उभे राहून म्हणालात, "हात पहा हिचे." मला तुम्ही तसं कधी म्हणाला नव्हता. ती पाणी प्यायला गेली तशी मी तिच्या पेटीत तळाशी चार मऊ पडलेली संत्री घातली. तुम्ही पेटी नुसती उचललीत आणि खाली ठेवलीत. तुम्हाला कसं कळलं, मला आजही माहीत नाही. तुम्ही ओरडला नाहीत. "बस खाली. पूर्ण पेटी पुन्हा निवड. आणि तिला सांग, तू काय केलं ते." मी सांगितलं, रडत रडत. घरी जाईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, पण वाटेत रस्ता ओलांडताना माझा हात धरलात.

आणि ते वर्ष, बाबा, ज्या वर्षी मी कॅन्सल केलं. मी फोनवर तुम्हाला सांगितलं की शिक्क्याची भानगड आहे, आले तर अडकेन. भीती होती, हे खरं आहे. पण मैत्रिणींनी डोंगरात बर्फातली एक केबिन घेतली होती आणि मला तिकडे जायचं होतं, हेही खरं आहे. तुम्ही म्हणालात, "नोकरी सांभाळ. आम्ही कुठं जाऊन राहिलो?" त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये तुम्ही गेलात आणि मी तिसऱ्या दिवशी पोचले. तुमच्या शेडला संत्री देणाऱ्या बागवाल्यांची बायको भेटायला आली होती. तिने सांगितलं की त्या डिसेंबरात तुम्ही त्यांच्या बागेतल्या एका झाडाची संत्री तोडू दिली नव्हती. "पोरगी येऊन राहिली, तिच्या हातानं तोडू द्या," असं तुम्ही म्हणाला होतात. फळं जानेवारी सरेपर्यंत झाडावरच राहिली आणि मग गळली. आता माझ्याकडे इथला पासपोर्ट आहे, परत यायला मला कुठलाच शिक्का लागत नाही, मी उद्या सकाळी उठून निघू शकते. वरूडच्या घरात दुसरे लोक राहतात.

तिने तिकीट कॅन्सल केलं. माझ्यासमोरच केलं, दोन मिनिटांत, आणि म्हणाली, "बरं झालं ताई, तुम्ही होता." मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. खरंच लागलं, तुमच्यापासून काय लपवू.

मग एका सकाळी तिने मला बोलावलं. "बाबांना तुमच्याशी बोलायचंय." व्हिडिओवर एक बारीकसे गृहस्थ, कानटोपी घातलेले, फोन फार जवळ धरल्यामुळे अर्धं कपाळच दिसत होतं. त्यांनी हात जोडले. "मॅडम, तुमचे आभार मानायचे होते. पोरगी घाई करत होती, तुम्ही वेळेवर सांगितलं. आम्ही काय, वाट पाहू. नोकरी महत्त्वाची." मागे नवीन रंग दिलेली भिंत दिसत होती. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते हसून म्हणाले, "तिच्या खोलीला रंग देऊन ठेवला होता. चालते, रंग काही उडून नाही जात." मी फोन तिला परत दिला. खाली पार्किंगमध्ये जाऊन मी गाडीत बसले आणि बराच वेळ वर गेले नाही.

दुपारी मी तिला एका रिकाम्या मीटिंग रूममध्ये नेलं. म्हटलं, "मी तुला मुद्दाम घाबरवलं. धोका आहे, पण मी सांगितला तेवढा नाही. तू घरी जाणार हे मला बघवत नव्हतं."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हणजे?"

"माझे वडील नाहीत. तुझे आहेत. एवढंच कारण."

तिने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाली, "ताई, मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. फक्त 'बरं' म्हणाले. तुम्हाला माहितीये ते 'बरं' कसं असतं?" मी म्हटलं, माहितीये. तिला माझं माहीत असणंसुद्धा नको होतं. मी तिकिटासाठी माझे विमानप्रवासाचे साठलेले माइल्स देऊ केले. "मला तुमचं काही नको," म्हणाली आणि उठून गेली. मुंबईची तारीख तिने अजून सोडलेली नव्हती. त्याच संध्याकाळी तिने दोन ठिकाणी बदलायचं, अडचणीच्या वेळेचं तिकीट काढलं. ते मला टीममधल्या दुसऱ्यांकडून कळलं.

निघायच्या दिवशी पाऊस असा होता की तिची ठरलेली टॅक्सी येईना. तिने मला फोन केला, दुसरं कोणी गावात उरलं नव्हतं म्हणून. सगळी वाट ती खिडकीबाहेर बघत होती. विमानतळावर बॅगा उतरवताना एवढंच म्हणाली, "अडकले तर तुम्हाला बरं वाटेल का?" मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत गेली.

आणि ती अडकली, बाबा. कागद आणखी तपासायला ठेवून घेतले, अजून तीन आठवडे तरी लागतील म्हणे. मॅनेजर बरा माणूस आहे, त्याने महिनाअखेरपर्यंत बिनपगारी रजा दिली. मला वाटलं होतं, असं झालं तर आपलं खरं ठरल्याचं थोडं समाधान होईल, निदान काळजी तरी वाटेल. तिने ग्रुपवर फोटो टाकला. गच्चीवर ऊन, ती आणि तिचे वडील चटईवर बसून तुरीच्या शेंगा सोलतायत, खाली लिहिलंय, "अजून तीन आठवडे." सगळ्यांनी रडके चेहरे पाठवले. मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि मला तिच्या त्या तीन आठवड्यांचाही हेवा वाटला.

हे पत्र मी कुठे पाठवणार? संपलं की फाडणार आहे. पण एक राहिलंय. नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला तिच्या वडिलांनी मला फोन केला. त्या मीटिंग रूममधलं तिने त्यांना काही सांगितलेलं नाही, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं. "एकटीच आहेस का बेटा सुट्टीत? जेवलीस का?" असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हो बाबा." ते जरा थांबले, मग म्हणाले, "काय जेवलीस?" मी काका म्हणून दुरुस्त करायला हवं होतं. नाही केलं. वरणभात, म्हटलं.