घंटी आणि तिची कुई

या घराचे वायरिंग, कामाच्या खोलीतले टेबल, दोन अ‍ॅम्प्लिफायर, मुलीच्या गिटारचे स्टँड आणि गिटारला जोडायची, आवाज बदलणारी अकरा पेडल मी स्वतःच्या हातांनी केली आहेत, कोणाकडेही न शिकता. अकरावे पेडल रिंग मॉड्युलेटर आहे. घरात त्याला ‘घंटी’ म्हणतात. हे मृत्युपत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे. माझे डोके शाबूत आहे, हात थरथरत नाही, आणि लिहिताना दाराला आतून कडी आहे.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीला. अट एकच: तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे गिटारचे दुकान चालवणाऱ्या माझ्या मेहुण्याला, कामाच्या खोलीत एकटे सोडू नये. हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “अहो, माझा सख्खा भाऊ आहे तो!” मी म्हटले, “म्हणून तर नुसतं कुलूप लावतोय.”

कलम २. घंटी मुलीला. गिटारचा सूर आत गेला की घंटीच्या आतल्या सुराशी त्याची गाठ पडते. बाहेर येते ती दोघांची बेरीज आणि वजाबाकी. मूळ सूर गायब. मुलीने आतला सूर आधी गाण्याच्या पट्टीला लावावा. एकेक सूर वाजवावा. कॉर्ड वाजवली तर माळ्यावरून डबे पडल्यासारखे होते. मूळ आवाज परत मिसळायचे बटण अर्ध्यावर ठेवावे, नाहीतर चाल हरवते. दुसरे पेडल विकत घ्यायची वेळ आली तर दुकानदाराचे ऐकू नये, मामाचे तर मुळीच नाही. तारांवर हात दाबून गप्प बसावे. कुई ऐकू आली तर आतला सूर गळतो आहे, असे समजावे.

कलम ३. बारीक कुई घंटीतही आहे, ती मी मुद्दाम ठेवली. नक्कल होऊ नये म्हणून आतले सर्किट काळ्या रोगणात बुडवायची या धंद्यात रीत आहे. पण रोगण खरवडता येते. म्हणून मी एक फालतू रेझिस्टर जोडला, जो आतला सूर किंचित बाहेर सोडतो. नक्कल करणारा तोही इमानाने जोडणार, हे मला ठाऊक होते. “गिऱ्हाइकाला ऐकवतो, दाजी,” म्हणून मेहुणा घंटी घेऊन गेला. परत आली तेव्हा आतले रोगण नवे, माझ्या रोगणापेक्षा चकचकीत. पुढे त्याच्या दुकानात कुठल्याशा कारखान्याचे नवे पेडल आले. ते गिटारला जोडून मी तारांवर हात दाबला. तीच कुई.

मी पेडल फळीवर परत ठेवून घरी आलो. शेवटी तोच घरी आला.

“दाजी, कारखान्याचे मालक तुम्हाला फार मानतात हो. नुसती ती कुई कशी घालवायची तेवढं सांगा. रेझिस्टर काढला की आवाज फाटतो.”

“कुठला रेझिस्टर रे?”

त्याने बहिणीला हाक मारून चहा मागितला.

रेझिस्टर काढल्यावर आतला तोल नव्याने धरावा लागतो. तो कसा, हे मी कुठेही लिहिलेले नाही. मुलीला तोंडी सांगितले आहे. तीही मामाची लाडकी, म्हणून तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले. “नाही सांगणार, बाबा. आता मलाही कुलूप लावणार का?” लावलेले नाही.

कलम ४. मेहुण्याला काळ्या रोगणाचा उरलेला डबा. त्याचा हात सफाईदार आहे, हे कबूल.

साक्षीदार: तळमजल्यावरचे शिंपी (सही), समोरच्या डॉक्टरीणबाई (सही). दोघांनाही गिटारमधले ओ की ठो कळत नाही, म्हणूनच निवडले.
ठिकाण: कामाची खोली. दिनांक: ७ नोव्हेंबर.
लिहून देणार: सही, प्रत्येक पानावर.

खाली कोरी जागा राहिली तर कोणीतरी भरेल, म्हणून साक्षीदारांसमोर मीच भरतो. माझ्या पश्चात मेहुणा म्हणेल, “दाजी कबूल झाले होते.” मी झालो नव्हतो. घंटीचा हक्क आणि कुई घालवण्याची युक्ती, दोन्हीसाठी मिळून त्याने कारखान्यातर्फे मला देऊ केलेली व मी नाकारलेली रक्कम: ८,००,०००. अक्षरी आठ लाख फक्त.