आमच्या कट्ट्यावरची रडकी पोरं

वडगाव, ता. १२ जानेवारी १९३७

चि. सौ. चंद्राबाईस आप्पाचे आशीर्वाद. माझा गुडघा सोडला तर इकडे सगळं बरं आहे. निपाणीत तुम्ही सगळी बरी असाल. कार्ड पोस्टमन वाचतो म्हणून पाकीट पाठवतोय. शाळा तिसरीपर्यंतच झाली, अक्षर सांभाळून घे.

तुला सातवा महिना लागल्याचं जावईबापूंनी कळवलं. जड कळशी उचलू नकोस. पहाटे गार पाण्यात हात घालू नकोस. नातवाला, जोतिबाला, तंबाखूच्या वखारीकडे सोडू नकोस, धूळ नाकात जाते.

इकडची बातमी अशी, की बाळगोळी विकायला सरकारनं बंदी केली. मागावर बसण्याआधी बायका पोराला ती अफूची गोळी चाटवायच्या, की संध्याकाळपर्यंत पोर गप्प. आता सगळी गल्ली रडते. दवाखान्याच्या नर्सबाई सभेत म्हणाल्या, रडू दे, पण पोरं घ्यायला कोणीतरी हवं. मी उठून उभा राहिलो. का, ते पुढे लिहितो.

आता सकाळपासून आमच्या कट्ट्यावर पाच पोरं असतात. एक खांद्यावर, दोन झोळीत, दोन पायांवर. भजन म्हटलं की पाचही रडतात. तोंडानं मागाचा खटाक-खटाक आवाज काढला की गप्प होतात. विणकराचीच पोरं ती. शेजारचा यल्लाप्पा जाताना विचारतो, "काय आप्पा, नोकरी लागली व्हय?"

"लागली की रं. पगार रोज धोतरावरच मिळतोय."

खरं सांगू, इतका हसलो नव्हतो कित्येक वर्षांत. मनुबाईच्या पोरीला दात आला तो आधी मला लागला, तिच्या आईला नंतर कळलं.

काल मनुबाईनं मागावरून हाक मारली, "आप्पा, लई रडतीया न्हवं?"

"रडू दे गं. रडतीया म्हंजे जागी हाय."

सगळ्या हसल्या. तुझी आई हसली नाही. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कांडीवर सूत भरू लागली.

चंद्रा, जोतिबा दीड महिन्याचा असताना एक दिवस, एक रात्र उठला नाही. डॉक्टरांनी वाचवला. तू आईला म्हणालीस, "तूच गोळी दिलीस. तुझ्या दारात पुन्यांदा पाऊल टाकणार न्हाय." ती गप्प राहिली. पण गोळी दिली तेव्हा ती बाजारात होती. तू अंघोळीला गेली होतीस. पोर रडत होतं, लुगडं संध्याकाळी द्यायचं होतं. गोळी मी दिली. थांबेना म्हणून दुसरीही मीच दिली.

दोन वर्षं तिनं माझं ओझं वाहिलं आणि मी वाहू दिलं. परवा तिला म्हटलं, चंद्राला सगळं लिहितो. म्हणाली, "लिवा. दौतीत शाई हाय का बघा आधी."

बाळंतपणाला ये. मागाच्या पाठची खोली चुन्यानं पांढरी केली आहे. आईनं दुपटी शिवली आहेत, किती ते मोजू देत नाही. रविवारी मी मोटारीनं येतो. जावईबापूंच्या देखत हवं ते बोल, मी खाली मान घालून ऐकेन. मग गाडीत बस. बाळ माझ्याकडे द्यायचं नसेल तर देऊ नकोस. आईकडे दे. तिच्या हातात दोष कधीच नव्हता.

आईनं आशीर्वाद सांगितले आहेत. आधी तिचे घे, मनाला आलं तर माझेही.

गोळी देणारा,
तुझा आप्पा