डेअरीची हेल्प फाईल

८ जाने. २००२, मंगळ.
शिरूरच्या माझ्या गाळ्यात आज डेअरीचे चेअरमन आप्पा स्वतः आले. डेअरीतलं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर माझं, त्यावर बसतात सुनंदाताई. अडलं की मला फोन. आप्पा म्हणाले, "किती फोन करती ही! संक्रांतीपत्तुर तिचं तिला जमलं तर ठीक, न्हाईतर भाच्याला बसवतो." ताईंचं घर त्या खुर्चीवर चालतं. मी जोशात बोलून गेलो, मराठीत हेल्प करून देतो, एफ-वन दाबलं की सगळं समोर. झालं! कुणी सांगितलं होतं नसतं शहाणपण?

९ बुध.
वेब पानं तयार. दूध घेणे, फॅट टाकणे, पावती, चुकलेली पावती दुरुस्त करणे. आता सगळी बांधून एक हेल्प फाईल करायची. ती बांधणारा प्रोग्रॅम, कंपायलर, म्हणजे नुसता काळा पडदा, हुकूम टाइप करायचा. दर वेळी कोण टाइप करणार? सगळे हुकूम एका दमात देणारी बॅच फाईल लिहिली. कंपायलरची बडबड बंद. काम संपल्यावर त्याने शून्य आकडा परत दिला तर ठीक, दुसरा काही दिला तर 'फेल' म्हणायचं, थांबायचं, कळ दाबली की अर्धवट फाईल पुसून टाकायची. शिस्त म्हणजे शिस्त.
पहिल्याच फटक्यात फेल.

१० गुरु.
फेल. फोल्डरचं नाव बदललं. फेल. चित्रं काढली. फेल. एकच पान ठेवलं, त्यात फक्त 'नमस्कार'. तरी फेल! अरे मेल्या, नमस्कारात काय चुकलं?
दुपारी ताईंचा फोन. "दादा, व्हतंय ना? भाचा कालपास्नं शेजारी खुर्ची टाकून बसतोय." होतंय म्हणालो. काय होतंय, कपाळ!

१२ शनि.
पुन्हा फेल. वैतागून पडदा तसाच सोडला, कळसुद्धा दाबली नाही, चहाला गेलो. तेवढ्यात लाइट गेली. आल्यावर मशीन चालू केलं तर फोल्डरात हेल्प फाईल, पुसायची राहून गेलेली! उघडली. सगळी पानं, मराठीत, झक्कास.
म्हणजे हा कंपायलर काम नीट झालं की शून्याऐवजी एक परत देतो! बाकी सगळे शून्य देतात, ह्या शहाण्याचं उलटं. आणि मी चांगली झालेली फाईल रोज स्वतःच्या हाताने पुसतोय. जन्मभर वीजवाल्यांना शिव्या दिल्या, आज हात जोडले.

१४ सोम. संक्रांत.
डेअरीत दाखवली. ताईंनी आधी तिळगूळ दिला. मग एफ-वन दाबून, वाचून, चुकलेली पावती एकट्यानं दुरुस्त केली. माझ्याकडे बघितलंही नाही. इतकं बरं वाटलं!
आप्पा भाच्याला म्हणाले, "बस रं, तू कर." त्यानं वाचत वाचत तेच केलं. ताईंपेक्षा लवकर.
आप्पा खूश. "आता कुनीबी करंल की! मग हिच्यावाचून अडतंय कुठं? उद्या किंक्रांत हाय, परवा काय ते ठरवू."
ताई तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावत बसल्या. माझीच जीभ हासडावीशी वाटली.

१५ मंगळ. किंक्रांत.
ताईंचा फोन. "तुमचं काय चुकलं न्हाई, दादा. एवढंच इचारायचं व्हतं, ती फाईल परत फेल व्हऊ शकती का हो?"
नुसतं हं केलं, फोन ठेवला.
चांगली झालेली फाईल पुसणारी ती जुनी बॅच फाईल अजून आहे. फ्लॉपीवर घेतली. आप्पांना कळवलं, हेल्पमध्ये बारीक दुरुस्ती आहे, सकाळी येतो. "या की," म्हणाले.
फ्लॉपी खिशात ठेवलीय. काढेन की नाही, देव जाणे.