तीनशेचा वेग

४ डिसेंबर, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस! परळच्या आमच्या चाळीतून लालबागचं हे ऑफिस चालत बारा मिनिटांवर. तुळशीदास शेठ मासळीचे घाऊक व्यापारी. माहीमला त्यांचं शीतगृह आहे, आणि तिथलं तापमान दर तासाला इथल्या कॉम्प्युटरवर येतं. कॉम्प्युटर माझ्याहून वयाने मोठा. काळा पडदा, हिरवी अक्षरं, शेजारी टेलिफोनला जोडलेला मोडेम. आधी तो किंचाळतो, मग खरखरतो, मग कुठे आकडे उमटतात. हे बदलत का नाही, असं विचारलं तर शेठ म्हणाले, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? शीतगृहात कुणी अडकलं तर आतून दाबायचं बटणही याच लाइनवर आहे. जाड भिंतींमुळे आत मोबाइल लागत नाही.

मुलाखतीत मोडेम येतो का विचारलं तेव्हा मी बेधडक हो म्हटलं होतं. खरं तर आयुष्यात पहिल्यांदा आज पाहिला. शिकेन की! संघमित्राला काय अवघड आहे, असं पप्पा उगाच नाही म्हणत.

७ डिसेंबर, गुरुवार
मोडेमवर जुन्या ऑपरेटरची चिठ्ठी होती, 'वेग ३००च ठेवणे'. सेकंदाला तीनशे बिट म्हणजे बैलगाडी. मॅन्युअल वाचलं, माहीमला जाऊन तिथल्या यंत्राचा वेग ९६०० केला, परत येऊन इथलाही केला. शीतगृह सांभाळणाऱ्या कुशाबाकाकांनी मला चहा पाजला. ते म्हणाले, "पोरी, त्या बटनाला कई धक्का नाय ना लागाचा?" मी हसून म्हटलं, काका, आता तर विजेसारखं पळेल.

चाचणीत पहिल्या झटक्यात जोडणी लागली. शेठनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी ती चिठ्ठी फाडून टाकली. पप्पांनी रात्री जेवायच्या आत अर्ध्या चाळीला सांगून टाकलं.

१२ डिसेंबर, मंगळवार
कुशाबाकाका गेले. काल दुपारी दार अडकलं, संध्याकाळी सापडले. शेठ म्हणाले, बटण दाबलंच नाही, प्यायला असेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग तपासणीच्या निमित्ताने माहीमला गेले आणि तिथल्या यंत्राची नोंद उघडली. तीन वीस, तीन पंचवीस, तीन बत्तीस. बटण तीनदा दाबलेलं, फोन तीनदा लागलेला, जोडणी तीनदा तुटलेली. माझ्या चाचणीच्या वेळी कंप्रेसर बंद होता. तो सुरू झाला की जुन्या तारेत एवढी खरखर होते की तीनशेच टिकतो. म्हणून ती चिठ्ठी होती.

खरं तर चार दिवस तापमानाचे आकडे अधूनमधून गळत होते. कुणाला कळू नये म्हणून मी ते मनाने भरत होते. आणि काल मोडेम तीनदा किंचाळला तेव्हा मी इथेच बसले होते. नेहमीची कटकट समजून मी त्याचा आवाज बंद केला.

मी ती नोंद पुसली. दोन्हीकडे पुन्हा तीनशे केलं. लिहितानाही लाज वाटते.

१५ डिसेंबर, शुक्रवार
कुशाबाकाकांची बायको पुतळाबाई आली होती. म्हणाली, "त्यानं दारूला कवा हात पन नाय लावला गो. आता सगला कोलीवारा त्याला बेवडा बोलतंय." तिला दुसरं काही नको. शेठनी चार माणसांत म्हणावं की त्याने बटण दाबलं होतं, बस. मी तिला पाणी दिलं. याहून जास्त काही दिलं नाही.

तेवढ्यात मोडेम वाजला. तीन वीस. तासाची वेळ नव्हती. पडद्यावर आलं, जोडणी, वेग ३००. आणि मग इंग्रजी अक्षरांत मराठी, 'मी दाबलं'.

त्या यंत्राला आकड्यांशिवाय काही पाठवता येत नाही.

पुतळाबाईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. काय आलं गो, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, तापमान.

१८ डिसेंबर, सोमवार
तीन वीस. वेग ११०. मी असा वेग लावलेला नाही. तेच दोन शब्द, पण सावकाश. माहीमला फोन केला. तिथलं यंत्र शेठनी शनिवारीच भंगारात दिलंय, म्हणूनच आज सकाळपासून तापमान आलं नव्हतं.

१९ डिसेंबर
वेग ५०. पुतळाबाई पुन्हा आली. मी पुन्हा तापमान म्हटलं. तिने माझा हात धरला. ऑफिसात तूच एक माझ्याशी नीट बोलतेस, म्हणाली. हात सोडवून घ्यावासा वाटला, इतकी लाज वाटली.

२० डिसेंबर
मोडेमची वायर काढून ठेवली. तरी वाजला. वेग ३. एक अक्षर, मग थांबणं. मग एक. बोटं गारठत चाललेल्या माणसासारखं—
शेठच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. परत आले. पप्पांना काय सांगू—

२१ डिसेंबर
तीन वीस. वेग १ पण नाही. पडद्यावर शून्य आहे.
पुतळाबाईने सुनेला आणलंय. भाविका, बँकेत असते. दोघी माझ्या खुर्चीमागे उभ्या आहेत. शेठही बाहेर आलेत. दोन अक्षरांमध्ये इतका वेळ जातोय की मी हे लिहू शकते. हात कुठेतरी गुंतवायला हवेत, म्हणून लिहितेय.

'मी दाबलं'. भाविकाने मोठ्याने वाचलं. पुतळाबाई रडतेय.
शेठ म्हणाले, दाबलं तर मग इथे मोडेम वाजला असणार. त्याचा आवाज कुणी बंद केला?

नवीन ओळ सुरू झाली.
एस. भाविका एकेक अक्षर म्हणतेय.
ए.
आत्ता सांगितलं तर निदान— स्वतःहून सांगितलं असं तरी— पुढच्या अक्षराच्या आत सांगते.
एन.
पुतळाबाईचा हात माझ्या खांद्यावर आहे. गार— नाही, तिचे दोन्ही हात तर पदराला—
जी.
शेठ माझ्याकडे बघताहेत. तोंड उघडतच ना—
एच. ए. एम