गोष्टीच्या तीस पट्ट्या

सोमवार
रोजनिशी, माफ कर. आठवडाभर तुला हात लावला नाही. लिहायचीच भीती बसली होती. गेल्या सोमवारी शाळेत प्रिन्सिपलबाईंनी सगळ्यांना कॉपीराइट समजावला. झेरॉक्सच्या खोलीत मी बसतो, म्हणजे मुख्य आरोपी मीच. वर्गापुरत्या कोणत्या कॉपी चालतात तेही त्या सांगणार होत्या, पण मी तोवर थांबलोच नाही. पाणी प्यायला गेलो तो घरीच आलो.

मंगळवार, सकाळी
सूनबाई याच शाळेत शिकवते. गुरुवारी तिचा तास बघायला शिक्षणखात्याचे साहेब येणार. तास जमला तर नोकरी कायम. लायब्ररीचं पुस्तक पुढ्यात ठेवून म्हणाली, बाबा, ही एका पानाची गोष्ट, तीस झेरॉक्स. आणि कृपा करून डोकं चालवू नका. पोर भोळी आहे. तिला वाचवणं भाग आहे.

मंगळवार, दुपारी
सुचलं! कॉपी काढलीच नाही, तर कॉपीराइट कसला? मूळ पानच कापलं. तीस ओळी, तीस पट्ट्या. मागे माकडाचं चित्र होतं. कुणाला कान आला, कुणाला शेपूट. वर लेखकाचं नाव होतं. परक्याचं नाव आपण कसं वाटायचं? कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

बुधवार
पट्ट्या मुलांना घरी पाठ करायला दिल्या. सूनबाईने झेरॉक्स विचारल्या. म्हटलं, पोरांच्या हाती पोचलंसुद्धा. म्हणाली, बाबा, यावेळी खरंच शहाण्यासारखं वागलात हो! डोळे भरून आले. माझेच.

गुरुवार
तास. मुलं ओळीने उठून एकेक ओळ म्हणू लागली. सूनबाईचा चेहरा उतरला, साहेबांचा मात्र खुलला. गोष्टीतला हार नेमका कोणी चोरला, इथवर मुलं आली आणि थांबली. शेवटच्या ओळीची मुलगी कांजिण्या येऊन घरी. साहेब खुर्चीच्या कडेवर येऊन म्हणाले, पुढे? एक कार्टं म्हणालं, सर, तुम्हीच असाल. साहेबांनी लेखक विचारला. नाव एकाही पट्टीवर नव्हतं.
मला बोलावलं. मी कायदा समजावला. साहेब म्हणाले, अहो आजोबा, वर्गापुरत्या एवढ्याशा गोष्टीच्या झेरॉक्स खुशाल काढायच्या होत्या. लेखकाचं नाव तेवढं ठेवायचं होतं.
नेमकं तेवढंच मी टोपलीत टाकलं होतं.

शुक्रवार
सोमवारी पुन्हा तास. हीच गोष्ट, पण शेवटासकट. साहेबांनाही झोप लागली नाही म्हणे. त्यावर नोकरीचा निर्णय. लेखकाचं नाव अनुक्रमणिकेत सापडलं. शेवट कुठेच नाही. पुस्तक जुनं, दुकानदार म्हणाला, आता छापत नाहीत.
सूनबाईने कात्री कुलपात ठेवली. मुलगा माझ्याशी बोलत नाही. बायको बोलते, ते जास्त अवघड आहे.
त्या कांजिण्यावाल्या मुलीच्या आईला फोन केला. म्हणाली, पट्टी कुठेतरी अंथरुणात आहे, पोरगी आत्ता झोपलीय, उठली की विचारते.
बाळ, सावकाश बरी हो. खाजवू नकोस. पण चोर कोण, तेवढं लवकर कळव गं.