शेशाच्या वाट्याचा भाजक

जुने शहर, अकोला
पौष, शके १७८५

प्रिय शेषराव,

अमरावतीच्या बाजारात तुला शेषराव म्हणतात म्हणे, म्हणून तसंच लिहिते. घरी मात्र तू माझा धाकटा भाऊ शेशाच आहेस. आधीच्या पत्रांना तुझं उत्तर नाही. गाडीवान नत्थुजी तिकडून आले की मी विचारते, आणि ते म्हणतात, "त्याले कुठचा येळ, बाई? भाव पाहून राहिला तो." कापसाचा भाव, कापसाचा भाव. इथे नदीकाठच्या माळ्यांनीही वांग्यांचे वाफे मोडून कापूस लावलाय. भाजी घ्यायला जावं तर भाजीवालीच मला रुईचा भाव विचारते. डोकं उठलंय माझं.

तू पाठवलेली मुंबईची पाटी पोचली. आबांनी तिच्यावर हात फिरवला, गुळगुळीत आहे म्हणाले आणि बाजूला ठेवली. त्यांना अजून धूळपाटीच लागते. धुळीत उमटवलेला अंक बोटाला लागतो, पाटीवरचा लागत नाही.

आबांची ती संख्या तरी आठवते का तुला? एकपासून नऊपर्यंतचे अंक ओळीने मांडले की होतात बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. पोरं पहिल्या दिवशी गिरवतात ते अंक, आणि ते फोडता फोडता आपल्या बापाचे केस पांढरे झाले. तिनाने दोनदा भागलं की उरतात एक कोटी सदतीस लाख सतरा हजार चारशे एकवीस. तिथून पुढे नुसता दगड. शेवटी एक आहे, म्हणजे फोडणाऱ्या जोडीच्या शेवटी एक-एक, नऊ-नऊ नाहीतर तीन-सात हेच अंक येणार. म्हणून आबांनी वाटणी केली. एक आणि नऊवर संपणारे भाजक माझे, तीन आणि सातवर संपणारे तुझे. सदतीसशेच्या जरा पुढे गेलं की पुरे, कारण जोडीतला लहान त्याच्या आतच सापडायला हवा. सासर आणि दोन बाळंतपणं सांभाळून मी माझा वाटा संपवला. एकही लागला नाही. तू चौदाशेपर्यंत गेलास, "या आकड्याले बाजारात काय भाव येते, आबा?" असं विचारलंस आणि घर सोडलंस. त्याचा मला अजून राग आहे. आबांना नाही, याचा जास्त राग येतो.

आता खरं सांगते. दसऱ्यापासून आबांना दिसत नाही. तुला कळवू नको म्हणाले, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मुलांना घेऊन मी त्यांच्याजवळच राहते आहे. दुपारी त्यांच्या शेजारी बसून तुझा वाटा मी पुढे नेला. मी मनातल्या मनात भागायची, बाकी उरली की "नाही" म्हणायची, आणि ते मान हलवायचे. परवा बाकी उरली नाही, आणि माझ्या तोंडून "नाही" निघेना. आबांनी ओळखलं. मी सांगायला गेले तर दोन्ही कानांवर हात ठेवले. "तू नोको सांगू, बाई. तो वाटा शेशाचा. शेशाच सांगन." तेव्हापासून दार वाजलं की धूळपाटी पुढे ओढून बसतात. हट्टी बाप, हट्टी लेक आणि मधल्यामध्ये मी. म्हणून लिहिते आहे. छत्तीसशे सात आणि अडतीसशे तीन. गुणून बघ, माझ्यावर विसंबू नकोस. मग नत्थुजींच्या गाडीत बस आणि ये. सांगताना जरा अडखळ, नाहीतर वाटेत पाठ केलंस हे त्यांना कळेल. कळेलच म्हणा. तरी ये.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच
कौशल्याअक्का