पर्समध्ये मावेल असं काहीतरी

मंगफ, कुवेत
शुक्रवार

प्रिय नीलू,

त्या दिवशी तू फोन आपटलास, त्यानंतर आपण बोललो नाही. माझे मेसेज तू उघडतेस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर मात्र येत नाही. म्हटलं, कागदावर लिहावं. कागद मध्येच कट करता येत नाही. फार तर फाडता येतो, आणि तू वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मगच टाकणारी, त्यामुळे तेवढा विश्वास आहे. तुझा भावजी उल्हास पुढच्या आठवड्यात कंपनीचे व्हॉल्व्ह तपासायला ह्यूस्टनला येतोय. तुझ्याकडे जेवायला येईल तेव्हा त्याच्या बॅगेत चिवडा असेल, गोडा मसाला असेल, हे पत्र असेल आणि तुझ्या लेकीसाठी, उर्वीसाठी, एक वस्तू. त्या वस्तूचं शेवटी सांगते. ती इतक्यात तिच्या हातात देऊ नकोस.

तर पिस्तुलं. दोन पिस्तुलांचे फोटो पाठवून तू खाली लिहिलंस, ‘ताई, कुठलं घेऊ?’ नेमक्या ह्याच शब्दांत तू मला सांगलीहून साड्यांचे फोटो पाठवायचीस आणि मी काठ बघून सांगायची. इथे काठ नव्हते. मापाचा अंदाज यावा म्हणून दोन्हींच्या शेजारी तुझी लिपस्टिक ठेवली होतीस, ती मीच अव्हेन्यूज मॉलमधून घेऊन दिलेली. शिवाय तुझ्या नवऱ्याने केलेला तक्ता. वजन, जाडी, गोळ्या किती, धक्का किती, आणि ‘लपण्याची क्षमता’, प्रत्येकाला दहापैकी गुण. ह्याच आदित्यने वॉशिंग मशीनचा असाच तक्ता केला होता आणि तो पुरा होईपर्यंत तू महिनाभर हाताने कपडे धूत होतीस. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र त्याने झटपट उरकलं, ह्याचं मला खरंच कौतुक वाटलं.

मी न वाचता हसले असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. मी सगळं वाचलं. इतकं वाचलं की आता माझ्या फोनवर बंदूक ठेवायच्या पाकिटांच्या जाहिराती येतात. त्याही कुवेतमध्ये, जिथे आपल्यासारख्याच्या घरात एक काडतूस सापडलं तर आधी तुरुंग आणि मग विमान. उल्हास रोज म्हणतो, बाई, दुसरं काहीतरी शोध, निदान प्रेशर कुकर तरी शोध.

पहिलं म्हणजे ते चपटं, काळं. वजन जवळजवळ फोनएवढंच, गोळ्या सहा-सात, बाजूला सेफ्टीचा खटका नाही. तुझा दुकानदार म्हणाला, खटक्याची गरजच नाही, कारण घोड्याची ओढ लांब आणि जड आहे, मुद्दाम ओढल्याशिवाय उडणार नाही. दुसरं जरा जाड, जरा जड, गोळ्या जवळपास दुप्पट, अंगठ्याशी खटका, आणि हे फिकट जांभळ्या रंगातही मिळतं. जांभळ्या रंगातही! ज्याने कुणी हा रंग ठरवला त्याला एकदा तरी भेटावं अशी माझी फार इच्छा आहे. बायका माणूस मारायला निघाल्या तरी त्यांना ओढणीला शोभेल असं काहीतरी लागेल, हे त्या गृहस्थाला कुणी सांगितलं असेल?

मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं तुझ्या दुकानदाराचं म्हणणं. प्रत्यक्षात मूर्ती लहान असली की सगळंच बिघडतं, हे त्यांच्याच व्हिडिओंत सांगतात, फक्त शेवटी आणि भरभर. जितकं हलकं तितका हाताला हिसका जास्त. नळी आखूड, म्हणून नेम धरणं अवघड. मूठ एवढीशी की करंगळीला जागा नाही. पोळ्या लाटून मनगट दुखतं म्हणून तू तयार पोळ्या आणतेस, आणि ह्या मनगटावर तू पहिल्याला आठ गुण दिलेस, का, तर ‘पर्समध्ये आहे हे जाणवतच नाही’. जाणवत नाही हा गुण कसा झाला, हे मला त्या तक्त्यात कुठे सापडलं नाही.

आणि व्हिडिओतल्या त्या बायका. लांब नखं रंगवलेली, मोकळे केस, हसत हसत पर्समध्ये हात घालतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ते बाहेर. त्यांच्या पर्समध्ये दुसरं काही नसतंच मुळी. तुझ्या पर्समध्ये वाजणारा, थरथरणारा, उजेड पाडणारा फोन तुला सापडत नाही. मार्चमध्ये इथल्या विमानतळावर तू काउंटरवर ओले रुमाल, उर्वीचा मोजा, अर्धं केळं, जुन्या पावत्या असा संसार मांडलास, मागे रांग खोळंबली, तो इमिग्रेशनवाला कपाळाला हात लावून बसला, आणि पासपोर्ट निघाला तुझ्या कोटाच्या खिशात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे तुझं लहानपणापासूनचं. आता तू म्हणणार की संकटाच्या वेळी त्याच पर्समधून तू नेमकं तेच काढशील, चोरकप्प्याची चेन उघडून, खटका सरकवून, नेम धरून. नीलू, संकटाला तोवर बसायला खुर्ची द्यावी लागेल.

हे इतकं मी फोनवर म्हटलं आणि तू फोन ठेवलास. ठीक आहे. पण एका गोष्टीला मी हसले नव्हते आणि आजही हसत नाही. त्या माणसाला. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये तो तुझ्या गाडीची काच ठोकत होता, मग दाराचं हँडल ओढत होता, मागच्या सीटवर उर्वी गाणं म्हणत होती आणि तुला गाडी सुरू करायचंही सुचलं नाही. तो निघून गेला, तरी तू कितीतरी वेळ तशीच बसून होतीस. हे तू सांगत होतीस तेव्हा मी उठून आमच्या दाराची कडी तपासून आले. मला तिथे असायला हवं होतं असं वाटलं, आणि मी तिथे नव्हते, म्हणून मी बोलले ते पिस्तुलाबद्दलच बोलले. भीती खरी आहे, बयो. भीतीवर जो माल तुला विकतायत, तो भिकार आहे.

आता पुढचं ऐक. तुझी गंमत मी शाळेत स्टाफरूममध्ये सांगितली. रागावू नकोस, नाव सांगितलं नाही, ‘माझी एक ओळखीची’ म्हटलं, पण अब्बासियाच्या त्या शाळेत माझी बहीण टेक्सासला असते हे शिपायालाही ठाऊक आहे. जांभळ्या रंगाला सगळ्या खदखदून हसल्या. केजीच्या दुसऱ्या वर्गाची नूरजहाँ हसली नाही. ती आपल्या श्रीवर्धनची, चार पोरं वाढवलेली, कमी बोलणारी. डबा बंद करत तिने एवढंच विचारलं, “ते ऱ्हाऊ दे. घरी आल्यावर ती पर्स ठेवते कुठं?”

माझं हसू तिथेच थांबलं. कारण तू पर्स कुठे ठेवतेस ते मला माहीत आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताला जी खुर्ची आहे, तिच्यावर. मी पण तिथेच ठेवते. इथे मंगफच्या फ्लॅटमध्ये त्या खुर्चीला जागा नव्हती, दार अर्धंच उघडायचं, तरी मी खुर्ची हलवली नाही. आपण दोघी तिथे ठेवतो, कारण आई तिथे ठेवायची.

आठवतंय ना? आई ऑफिसातून आली की पर्स खुर्चीवर टाकायची आणि काही न बोलता आत चहा ठेवायला जायची. आपण दोघी तुटून पडायचो. रोज काहीतरी असायचंच. कधी चिंच, कधी खोडरबर, कधी साहेबांच्या वाढदिवसाच्या पेढ्याचा अर्धा तुकडा, महिनाअखेरीला नुसती कागदाची होडी. विचारायचं नाही, शोधायचं, हा एकच नियम. ती रोज नवीन जागी लपवायची. अस्तराच्या आत, रुमालाच्या गाठीत, चष्म्याच्या डबीत. आपल्याला कधी शोधायला वेळ लागला? चहाला उकळी फुटायच्या आत आपल्या तोंडात चिंच असायची. आपल्या घरात पर्स कुणा एकीची नसतेच. सेफ्टी पिन हवी, माझ्या पर्समध्ये बघ. वेलदोडा हवा, माझ्या पर्समध्ये बघ. मोठ्या झालेल्या बायका आपण, पण आजही तू माझ्याकडे आलीस की न विचारता माझ्या पर्समध्ये हात घालतेस, आणि मी तुझ्या.

उर्वीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. मार्चमध्ये तुम्ही आलात तो रमजान होता. गरगियानच्या रात्री खालच्या मजल्यावरच्या कुवेती बाईंनी तिच्या गळ्यात ती जरीची पिशवी अडकवली, आणि इथल्या पोरांबरोबर ती दारोदार गाणं म्हणत खाऊ गोळा करून आली. त्यानंतर घरात एक पिशवी तिने सोडली नाही. माझी पर्स, तुझी पर्स, उल्हासची लॅपटॉपची बॅग. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची ती बाटली, जिचं झाकण दाबून फिरवावं लागतं आणि जे माझ्याच्याने धड उघडत नाही, ती तिने दोन्ही अंगठे लावून उघडली आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, “मावशी, नॉट कँडी.” आपण दोघींनी तिची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. किती हुशार, किती चलाख, आजीवर गेली.

दोन्ही अंगठे, नीलू. वर्षानुवर्षं मी उर्वीच्याच वयाची, चार वर्षांची पोरं सांभाळते. एका बोटात जोर नसला की ती दुसरा हात लावतात, तेही जमलं नाही तर वस्तू स्वतःकडे फिरवतात आणि पोटाशी धरून जोर करतात. डब्याचं झाकण, पाण्याची बाटली, कंपासपेटी, सगळं असंच. तुझ्या दुकानदाराला घोडा किती जड आहे ते ठाऊक आहे. पोरं वस्तू कशी धरतात हे त्याला विचारलंस का? आदित्यच्या तक्त्यात ‘लपण्याची क्षमता’ आहे. कुणापासून, तो रकानाच नाही. पार्किंगमधल्या माणसापासून लपेल, पोलिसांपासून लपेल. आपल्या घरातल्या पोरीपासून पर्समध्ये आजवर काही लपलेलं नाही.

तू म्हणशील, मी पर्स उंच ठेवीन, कुलपात ठेवीन. ठेवशील, आठवडाभर. मग एक दिवस हातात दुधाचा कॅन असेल, फोन वाजत असेल, उर्वीला शू आली असेल, आणि पर्स त्या खुर्चीवर पडेल. तुला कळणारसुद्धा नाही. तुझ्याच शब्दांत, ते आहे हे जाणवतच नाही.

ह्यावर आपण फोनवर भांडलो तर पुन्हा तेच होईल, मी टोमणे मारीन आणि तू फोन ठेवशील. म्हणून उल्हासबरोबर मी आईची पर्स पाठवतेय, तीच तपकिरी, दोन कड्यांची. आई गेली तेव्हा तू तिचं घड्याळ घेतलंस आणि मी पर्स, आणि इतकी वर्षं मी ती कपाटातून बाहेर काढली नव्हती. अस्तराच्या आतल्या कप्प्यात मी एक चॉकलेट ठेवलं आहे. ते रुमालात गाठ मारून बांधलंय, रुमाल चष्म्याच्या डबीत आहे, आणि कप्प्याची चेन लावून वर सेफ्टी पिन टोचली आहे. उल्हासला मी शोधायला लावलं, त्याला सापडलं नाही. तुमच्या बंदुकीच्या दुकानातल्या पर्सांच्या कुठल्याही चोरकप्प्यापेक्षा ही जागा अवघड आहे. आता एवढंच कर. उल्हास निघून गेला की उर्वीला काही सांगू नकोस, बोलावूही नकोस. पर्स दाराजवळच्या त्या खुर्चीवर टाक, आत जा आणि चहा ठेव. उकळी फुटली की बाहेर ये आणि तिच्या तोंडाकडे बघ. मग मला फोन कर, आणि दोन्हींपैकी कुठलं घेऊ ते पुन्हा एकदा विचार.

तुझीच, खुर्ची अजून न हलवलेली,
अर्चनाताई